रुप्याच्या कामातील स्त्रिया आणि त्यांचा माग

इस्लामपुरातील एखाद्या जुन्या घरात, जेथे तीन-चार पिढ्यांचा संसार एकाच छपराखाली झालेला आहे, तेथील थोरल्या सासूबाईंच्या पेटीत रुप्याचे काही जिन्नस हमखास निघतात : झिजून पातळ झालेली जोडवी, मासोळ्या, लेकराच्या पायातले वाळे, करगोट्याचा तुकडा, एखादा जड तोडा, आणि देवघरात कुलदैवतांचे टाक. हे जिन्नस कोणाच्या लग्नात आले, कोणत्या दुष्काळात गहाण पडले आणि कोणी सोडवून आणले, याची हकीकत घरातील बायका तपशीलवार सांगतात. परंतु ते घडविले कोणी असे विचारले असता उत्तर एकच येते, 'सोनाराने', आणि त्या उत्तरासरशी एक पुरुष, एक ऐरण आणि एक हातोडी एवढेच चित्र मनापुढे उभे राहते. त्या चित्रात सोनाराच्या घरातील स्त्री कोठे होती, तिच्या हातून कोणते काम होत असे, आणि आज दीड-दोनशे वर्षांनंतर तिचा माग काढावयाचा झाल्यास तो कोणत्या कागदांत व कोणत्या वस्तूंत काढावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचा ज्या ठिकाणी सर्वांत अधिक अभ्यास झाला आहे ते ठिकाण लंडन होय, आणि तेथे तो का होऊ शकला हे पाहिल्यावाचून आपल्याकडील अडचण नीट ध्यानात येणार नाही. इंग्लंडात इ. स. १३०० पासून रुप्याचा कस तपासून त्यावर राजमान्य छाप मारण्याचा कायदा आहे. १३६३ मध्ये प्रत्येक कारखानदाराने आपली स्वतंत्र मुद्रा वस्तूवर उमटविलीच पाहिजे असा हुकूम झाला. आणि १४७८ पासून कोणत्या वर्षी तपासणी झाली हे दर्शविणारे अक्षरही त्या शेजारी पडू लागले. या मुद्रांची नोंद सोनारांच्या श्रेणीच्या सभागृहात, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, दप्तरी होत असे. कारखानदार मरण पावल्यास त्याच्या विधवेला धंदा पुढे चालविण्याचा अधिकार होता, आणि तो चालवावयाचा तर तिला स्वतःची मुद्रा नोंदविणे भाग पडे. हेस्टर बेटमन हिची कथा अशीच आहे. तिचा नवरा जॉन हा साखळ्या करणारा कारागीर. तो १७६० मध्ये क्षयाने वारला आणि मृत्युपत्रात त्याने आपली हत्यारे हेस्टरच्या नावे ठेवली. १७६१ मध्ये, वयाची पन्नाशी उलटलेल्या या बाईने आपल्या नावाची आद्याक्षरे असलेली मुद्रा नोंदविली, आणि बनहिल रो येथील आपल्या घरच्या कारखान्यातून चहाची भांडी, चमचे, तबके अशा मालाचा व्यापार १७९० पर्यंत चालवून मग तो मुलांच्या व सुनेच्या हाती सोपविला. ती निरक्षर होती असे मानले जाते. जिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिचे नाव आज जगभरच्या संग्रहालयांतील रुप्यावर वाचावयास मिळते. लुइझा कोर्टोल्ड, ॲन टँकरे अशी आणखीही नावे याच दप्तरातून वर आली, आणि १९९० मध्ये फिलिपा ग्लॅनव्हिल व जेनिफर गोल्ड्सबरो या विदुषींनी १६८५ ते १८४५ या कालखंडातील अशा स्त्रियांवर एक स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला.

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. मुद्रा ही जबाबदारीची खूण असते, श्रमाची नव्हे. वस्तूचा कस कमी भरला तर सभागृहाने कोणाला धरावे, एवढेच ती सांगते. हेस्टरच्या मुद्रेची शेकडो भांडी तिने स्वतः ठोकून घडविली असे मानणे भोळेपणाचे ठरेल, कारण तिच्या कारखान्यात मुलगे, सुना, उमेदवार आणि रोजंदारीचे कारागीर होते. उलटपक्षी, ज्यांची मुद्राच नव्हती अशा किती बायकांनी आयुष्यभर कानस चालविली, याचा हिशेब त्या दप्तरातही नाही. तेव्हा लंडनच्या अभ्यासकांना कारखान्याच्या धनिणी सापडल्या. काम करणारीण तेथेही बहुतांशी अंधारातच राहिली.

आता आपल्या प्रांती वळू. आपल्याकडे असे सभागृह नव्हते आणि घडविणाऱ्याची मुद्राही नव्हती. गावचा सोनार हा पुष्कळ ठिकाणी पोतदारही असे; नाना टांकसाळींची, नाना कसांची नाणी वसुलात येत, ती पारखून खरीखोटी ठरविणे हे त्याचे सरकारोपयोगी काम होते, आणि दागिने घडविणे हे रयतेच्या उपयोगाचे. १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा, अकरा-द्वादशांश शुद्ध चांदीचा एकच रुपया सर्वत्र चालू केला, तेव्हा पारखीचे काम हळूहळू मागे पडले. पण त्याच रुपयाने दागिन्यांच्या व्यवहाराला एक पक्के परिमाण मिळाले, कारण १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. कुणब्याने सुगीनंतर वीस रुपये सोनाराच्या पुढ्यात ओतावे, सोनाराने ते मुशीत वितळवून तोडे करावेत, तागडीत पुन्हा रुपयांशीच तोलून द्यावेत आणि घडणावळ वेगळी घ्यावी, अशी ही रीत होती. विश्वास माणसावर असे. छापाची गरज कोणालाच भासली नाही. भारतात चांदीवर प्रमाणचिन्ह मारण्याची सरकारी योजना २००५ मध्ये आली, आणि तीही ऐच्छिक स्वरूपात. भांड्यांवर नावे दिसतात ती देणाराची किंवा घेणाराची. लग्नातल्या तांब्यावर मामाचे नाव, गाव आणि तिथी कोरलेली सापडेल, पण तो तांब्या घडविणाऱ्याचे नाव त्यावर कोणी घातलेले नसते.

वस्तू मुकी, तेव्हा कागदांकडे जावे. इस्लामपूर ज्यात येते तो वाळवे तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. म्हणून इस्लामपूरच्या कोणत्याही जुन्या धंद्याचा शोध घेणाराने सांगलीच्या कचेरीत थांबून चालत नाही. त्याला साताऱ्याचे कागद आणि पुण्याचे पेशवे दप्तर गाठावे लागते. त्या दप्तरातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. त्यांचे ते काम अजोड आहे. परंतु निवडीचा ओघ राजकारणाकडे होता, आणि गावगाड्यातील कारागिरांचे तंटे, वतनांच्या वाटण्या, हक्कलाजिम्यांच्या यादी असा मजकूर पुष्कळसा मोडी रुमालांतच बांधलेला राहिला. आपल्या विषयाचा कच्चा माल तेथे आहे.

त्या रुमालांतील महजर हा कागदाचा प्रकार मला विशेष मोलाचा वाटतो. वतनाचा वा मिळकतीचा तंटा पडला की गोतसभा जमे, निवाडा होई, आणि हजर असलेल्यांची नावे त्यावर लिहून प्रत्येकाची निशाणी घेतली जाई. लिहिता न येणारा मनुष्य आपल्या धंद्याची आकृती काढी : पाटलाच्या नावापुढे नांगर, शेट्याच्या नावापुढे तराजू, बलुतेदाराच्या नावापुढे त्याचे हत्यार. स्त्रीची साक्ष वा संमती असली तर तिच्या नावापुढे मात्र एक लहानसे वर्तुळ दिसते, ती बांगडी. ती पाटलीण असो, कुंभारीण असो वा सोनारीण असो, निशाणी बांगडीचीच. हेस्टर बेटमनही निरक्षर आणि आपली ही बाईही निरक्षर. पण हेस्टरची खूण तिचे नाव आणि धंदा दोन्ही सांगते, आणि आपल्याकडील बांगडी एवढेच सांगते की येथे एक बाई उभी होती. दप्तराची रीत काय होती, त्यावर कोणाची आठवण उरावी हे किती ठरून जाते, याचे याहून स्पष्ट प्रत्यंतर माझ्या पाहण्यात नाही.

तरीही कागद अगदीच निरुपयोगी नाहीत. पुरुषाचे नाव 'बिन' या शब्दाने बापाशी जोडलेले असते, तर बाईचे 'कोम' किंवा 'भ्रतार' या शब्दाने नवऱ्याशी. सोनार-पोतदारांच्या यादी वाचताना 'अमकी कोम तमका सोनार' असे नाव जेथे हक्काच्या धन्यापाशी येते, तेथे थबकावे. बहुधा नवरा मेलेला, मुलगा अज्ञान आणि वतनाचा कारभार बाईच्या नावे चाललेला, अशी स्थिती असते. काम तिने स्वतः केले की दीर-भाच्यांकडून वा ठेवलेल्या गुमास्त्याकडून करविले, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. परंतु धंद्याची सूत्रे तिच्या हाती होती एवढे निश्चित होते, आणि हेस्टरविषयी तरी आपल्याला याहून फारसे अधिक कोठे ठाऊक आहे? पुढे इंग्रजी अमदानीत हीही वाट अरुंद झाली. १८७४ चा वतन कायदा आणि त्याला जोडून आलेला १८८६ चा पाचवा कायदा यांनी असे ठरविले की, शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा वगळता, वतनदार घराण्यातील स्त्रीचा वारसा त्या घराण्यातील पात्र पुरुषांच्या मागाहून धरावा. कायद्याची नजर मुख्यतः पाटील-कुळकर्ण्यांच्या वतनांवर होती हे खरे. परंतु वारसनोंदीत लेकीचे नाव घालण्याची तसदी घेऊ नये ही सवय कारकुनी लेखणीला त्यामुळे लागली, आणि ती एका वर्गाच्या वतनापुरती थांबली असेल असे मला वाटत नाही.

सरकारी ग्रंथांची आणि खानेसुमारीची साक्ष याहूनही अपुरी आहे. १८८५ चे सातारा गॅझेटियर आणि १८८६ चे कोल्हापूर गॅझेटियर ही आपल्या भागाची माहितीची खाणच. परंतु जातीजातींच्या वर्णनात स्त्रीच्या श्रमाला एखादेच ठरीव वाक्य मिळते : या बायका पुरुषांना कामात हातभार लावतात, किंवा लावत नाहीत. माहिती देणारा पुरुष, विचारणारा पुरुष, आणि 'आमच्या बायका बाहेरचे काम करीत नाहीत' हे सांगण्यात प्रतिष्ठा. मग उत्तर काय येणार हे ठरलेलेच. खानेसुमारीत प्रश्न कसा विचारला यावर बाई कामकरीण ठरते की आश्रित ठरते. १९६१ च्या गणतीने घरगुती उद्योगाचा स्वतंत्र रकाना ठेवला आणि हंगामी कामात दिवसाकाठी तासाभराहून अधिक काम नियमाने करणारासही कामकरी गणले, तेव्हा देशातील स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के कामकरी निघाल्या. १९७१ मध्ये 'तुमचा मुख्य व्यवसाय कोणता' असे विचारताच हे प्रमाण निम्म्यावर आले. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी काम सोडले नव्हते. चूल सांभाळून कड्या जुळविणारीने मुख्य काम 'घरकाम' असे सांगितले, आणि दुसरे काम कागदावरून पुसले गेले.

म्हणून मला असे वाटते की नावाच्या मागे लागण्याआधी कामाच्या मागे लागावे. सोनाराचे दुकान म्हणजे बहुधा घराचाच सोपा. शेगडी सोप्यात आणि चूल माजघरात, मध्ये एक उंबरठा. रुप्याची साधी साखळी कशी होते ते पाहा. मुशीत चांदी वितळवावयाची. शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या सुमारास रस होते. ती पन्हळीत ओतून कांब करावयाची, ठोकून लांबवावयाची आणि जंतराच्या एकाहून एक बारीक छिद्रांतून तार ओढावयाची. ठोकता-ओढता चांदी ताठर होते, म्हणून ती मधून मधून मंद लाल होईतो तापवून नरम करावी लागते. मग तार सळईभोवती गच्च गुंडाळून एका रेषेत कापली की कड्या सुट्या पडतात. येथपर्यंतचे काम दांडग्या हाताचे. येथून पुढे मात्र डोळा, बोट आणि धीर यांचे राज्य सुरू होते : एकेक कडी चिमट्याने उघडून दुसरीत ओवावयाची, तोंडाला तोंड भिडवावयाचे, सांध्यावर पाण्यात कालविलेला टाकणखार लावून त्यावर डाखाचा मोहरीएवढा कण ठेवावयाचा, आणि फुंकणीने दिव्याची ज्योत वाकवून तो कण वितळेपर्यंतच, कडी वितळण्याच्या आत, फुंक आवरावयाची. डाख चांदीहून कमी आचेवर पाझरतो. या थोडक्या अंतरावर सगळी कारागिरी उभी आहे. झाळून झाल्यावर साखळी काळवंडते. ती आंबट पाण्यात उकळून पांढरी करावयाची, रिठ्याच्या पाण्यात घासावयाची, घुंगरू लावावयाचे, आणि शेवटी वजन करून तूट किती आली ते पाहावयाचे.

या मालिकेतील ओवणे, भिडविणे, डाख कातरणे, उकळणे, घासणे ही कामे उंबरठ्याच्या आतल्या बाजूस सहज सरकतात, आणि घरगुती सोनारकामात ती सरकत आलेली आहेत. मोबदल्याच्या रीतीने मात्र ती झाकून टाकली. घडणावळ तोळ्यावर ठरे आणि दुकानी बसणाऱ्याच्या हाती पडे. तोळाभर साखळीत किती हात लागले याची चौकशी गिऱ्हाईक करीत नसे आणि रोजकीर्दीत ती लिहिण्याचे कारणही नसे. नगावर किंवा वजनावर मजुरी देण्याची पद्धत जेथे जेथे असते तेथे तेथे घरातील बायकांचे व मुलांचे श्रम कर्त्या पुरुषाच्या नावावर जमा होतात. विणकराच्या कांड्या भरणाऱ्या बाईचे आणि विडीकामगाराच्या घरी पाने कातरणाऱ्या बाईचे हेच झाले आहे.

सोप्याच्या जमिनीकडेही पाहिले पाहिजे. कानशीची पूड, ठोकताना उडालेले कण, शेगडीतील राख हे सारे झाडून जपून ठेवले जाई, आणि झारेकरी ते विकत घेऊन पाण्यात धुवून त्यातील धातू काढीत. ही जमात जुन्या गॅझेटियरांत वेगळी नोंदलेली आहे. कचऱ्यातून धातू काढण्याच्या आणि गाळण्याच्या विद्येचा आधुनिक अवतार आपल्याच जिल्ह्यात आहे : खानापूर, आटपाडी, तासगाव आणि पलीकडे माण-खटाव या अवर्षणाच्या मुलखातील माणसे गलाईच्या धंद्यासाठी भारतभरच्या सराफबाजारांत पसरली, आणि विट्याचे नाव त्यांच्यामुळे दूरदूरच्या पेठांत माहीत झाले. या स्थलांतराचा इतिहास लिहिताना भट्टीपाशी बसलेल्या पुरुषाबरोबर, गावाकडे शेत व म्हातारी माणसे सांभाळून त्या भट्टीला पाठबळ देणाऱ्या आणि पुढे परमुलखात जाऊन तेथे संसार मांडणाऱ्या बाईचे प्रकरण गाळले तर तो इतिहास अर्धाच राहील.

जे इतिहासात धूसर दिसते ते आज उघड्या डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर इस्लामपुराहून दक्षिणेस वारणा आणि पंचगंगा ओलांडून हुपरीला जावे. हातकणंगले तालुक्यातील हे गाव विसाव्या शतकात रुप्याच्या दागिन्यांसाठी नावारूपास आले. पैंजण, जोडवी, वाळे, करदोडे असा तेथील माल देशभर जातो, आणि रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड यांसारख्या शेजारच्या गावांबरोबरच सीमेपलीकडील मांगूर, कारदगा अशा मराठी बोलणाऱ्या गावांतूनही हा धंदा पसरला आहे. आग्रा, राजकोट, सेलम या केंद्रांशी त्याची चढाओढ चालते. येथे आटणी एकाकडे, तार व पत्रा दुसऱ्याकडे, जोडकाम तिसऱ्याकडे अशी कामाची वाटणी झालेली आहे, आणि कड्या जुळविणे, घुंगरू लावणे, मीना भरणे अशी कामे घरोघरी बायकांच्या हाती आहेत. दुपारी जेवणे आटोपल्यावर दाराशी उजेडात बसून पैंजणाला एकेक घुंगरू लावणारी बाई पाहिली म्हणजे जुन्या कागदांतील 'हातभार लावतात' या दोन शब्दांत काय काय कोंबलेले होते ते कळते. या कामाला विशिष्ट जातीचे कुंपणही हुपरीत उरलेले नाही. नाना समाजांच्या बायका ते शिकल्या आहेत. जाणते अभ्यासक हुपरीकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहतात, पण माझ्या मते इतिहासाच्या अभ्यासकालाही ती तितकीच मोठी शाळा आहे. कारण आजची वाटणी नीट समजली तर कालच्या कागदात काय गाळले गेले असावे याचा अदमास बांधता येतो. मात्र आजची रीत जशीच्या तशी दोनशे वर्षे मागे ढकलू नये. पूर्वीचा सोनार गिऱ्हाइकाच्या चांदीवर गिऱ्हाइकासाठी काम करी. हुपरीचा कारागीर दूरच्या पेठेसाठी करतो. बाजार मोठा झाला की बारीक कामाची मागणी वाढते आणि घरातील अधिक हात त्यात ओढले जातात, तेव्हा जुन्या काळी बाईचा वाटा आजच्याहून कमीही असू शकेल. हे ठरविण्यास पुरावाच पाहिजे.

तो पुरावा आपल्या घरांत आहे, म्हणून वाचकांना माझे आग्रहाचे मागणे आहे. ज्यांच्या घराण्यात सोनारकी, पोतदारी वा पटवेकरीपण चालत आले असेल, त्यांनी जुन्या रोजकीर्दी, खतावण्या, गहाणखते आणि मोडी चिटोरी रद्दीत घालू नयेत. मोडी जाणणाराकडून ती वाचून घ्यावीत आणि त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात, एक पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात द्यावी. घरातील वृद्ध स्त्रियांना 'तुम्ही धंद्यात काम करीत होता काय' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर 'नाही' असेच येईल. कड्या कोण ओवी, डाख कोण कातरी, फुंकणी कोणाच्या हाती असे, दुकानातला केर कोण राखी, मामंजी वारल्यावर गिऱ्हाइकांचे हिशेब कोणी पुरे केले, असे एकेक काम घेऊन विचारावे, आणि मिळालेले उत्तर त्या बाईच्या पूर्ण नावानिशी, माहेरच्या नावासह, गाव व साल घालून लिहून ठेवावे. शेगडी आणि फुंकणीवर काम केलेली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. ही विचारपूस येत्या उन्हाळ्याच्या सुटीतच व्हावी.